अण्वस्त्रांचा धाक आणि हवाई दलाची सिद्धता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मे १९९८ मध्ये पोखरणच्या वाळवंटात भारताने पाच अणुचाचण्या केल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पाकिस्तानने बलुचिस्तानात आपल्या चाचण्या उरकून घेतल्या, तेव्हा पुष्कळ विचारी माणसांनीही असे गृहीत धरले की दोन्ही देशांच्या हाती हे अंतिम शस्त्र आल्यामुळे आता युद्धाचा प्रश्नच निकालात निघाला, फौजेवरील खर्चाला यापुढे कात्री लावण्यास हरकत नाही आणि विमाने जुनी राहिली तरी फारसे बिघडणार नाही. अण्वस्त्रांविषयी जे अनेक गैरसमज आपल्याकडे रूढ आहेत, त्यांतील सर्वांत चिवट गैरसमज हाच होय. आणि तो खोटा ठरण्यास जेमतेम एक वर्ष लागले.

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल-द्रासच्या शिखरांवर पाकिस्तानी सैनिक ठाण मांडून बसल्याचे उघडकीस आल्यावर २६ मे रोजी भारतीय हवाई दलाने हल्ल्यांस प्रारंभ केला, परंतु नियंत्रण रेषा कोणत्याही परिस्थितीत ओलांडावयाची नाही, अशी सक्त अट सरकारने त्याला घातली होती. पहिल्या तीन दिवसांतच दोन लढाऊ विमाने आणि एक हेलिकॉप्टर गमवावे लागले. विरळ हवेत मारा करीत असता एका मिग-२७ चे इंजिन बंद पडले, तर एक मिग-२१ आणि एक एमआय-१७ हेलिकॉप्टर शत्रूच्या विमानवेधी क्षेपणास्त्रांना बळी पडले. त्यानंतर हवाई दलाने आपली पद्धत बदलली, विमाने त्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर अधिक उंचीवरून नेण्याचा शिरस्ता पाडला आणि फ्रान्सकडून घेतलेल्या मिराज-२००० विमानांवर लेझर किरणांनी लक्ष्य दाखविणारी उपकरणे घाईघाईने बसविली. २४ जून रोजी टायगर हिलवरील शत्रूच्या ठाण्यावर जो हल्ला झाला, त्यात विमानाने दुरून तंबूंच्या एका पुंजक्यावर लेझरचा झोत स्थिर धरला आणि त्या झोताचे परावर्तन हेरीत बॉम्ब स्वतः वळत वळत नेमका तेथे जाऊन आदळला. त्या वेळचे हवाई दल प्रमुख एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस हा हल्ला पाहण्यासाठी दोन आसनांच्या एका मिराजमधून स्वतः गेले होते. दोन अण्वस्त्रधारी राष्ट्रांमधले हे खरेखुरे युद्ध होते, आणि त्यात निर्णायक उपयोग झाला तो परमाणूचा नव्हे, तर कडक हद्दीत राहून अचूक मारा करू शकणाऱ्या मोजक्या विमानांचा.

जगाचा अनुभवही वेगळा नाही. १९६९ मध्ये उसुरी नदीच्या काठी सोव्हिएत संघ आणि चीन हे दोन अण्वस्त्रधारी देश एकमेकांवर गोळीबार करीत होते. १९८२ मध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे घेतली, तेव्हा ब्रिटनजवळ अण्वस्त्रे आहेत हे त्याला पुरते ठाऊक होते. अण्वस्त्रांचा धाक अण्वस्त्रांच्या वापराला आणि राष्ट्राच्या अस्तित्वावर येणाऱ्या घाल्याला आवर घालतो; सीमेवरील घुसखोरी, दहशतवाद्यांचा हल्ला किंवा मर्यादित चढाई यांना आवर घालण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी नाही, कारण एका शिखरासाठी कोणी कोट्यवधी माणसांचा संहार करील यावर शत्रूचा विश्वास बसत नाही, आणि बसूही नये.

यावर काही जण उलट टोकाला जाऊन म्हणतात, मग अण्वस्त्रे निरुपयोगीच ठरली! हेही चूक आहे, कारण कारगिलमध्ये भारताने नियंत्रण रेषा ओलांडली नाही आणि पाकिस्ताननेही आपले हवाई दल त्या युद्धात उतरविले नाही. या संयमामागे इतर कारणांबरोबर अण्वस्त्रांची छायाही होती. खरा मुद्दा असा की स्वस्थ बसणे आणि सर्वनाश करणे या दोन टोकांमध्ये राज्यकर्त्याच्या पायाखाली किती पायऱ्या आहेत. ज्याच्या जिन्याला मधल्या पायऱ्याच नाहीत, त्याला एक तर खालीच उभे राहावे लागते, नाही तर एकदम वरच्या टोकावर उडी घ्यावी लागते. उत्तम हवाई दल या मधल्या पायऱ्या पुरविते, आणि म्हणून विमानांचे आधुनिकीकरण हा अण्वस्त्रांना पर्याय नसून अण्वस्त्रे वापरण्याची पाळी येऊ नये याचीच ती तजवीज आहे.

ही गोष्ट पश्चिम युरोपने फार पूर्वी अनुभवली. १९५० नंतरच्या दशकात सोव्हिएत रणगाड्यांपुढे आपले पारंपरिक बळ अपुरे पडेल या भीतीने नाटो राष्ट्रांनी जवळजवळ सारी भिस्त अण्वस्त्रांवर ठेवली. त्यातील भयंकर धोका ध्यानी आल्यावर १९६७ मध्ये त्यांनी पायरीपायरीने उत्तर देण्याचे धोरण स्वीकारले. पाकिस्तानने २०११ मध्ये चाचणी घेतलेले अवघ्या साठ किलोमीटर पल्ल्याचे ‘नस्र’ क्षेपणास्त्र याच जुन्या विचाराचे अपत्य आहे : पारंपरिक बळात आपण उणे आहोत या जाणिवेने रणभूमीवरच अणुबॉम्बचा धाक घालण्याचा तो प्रयत्न. दुबळी फौज माणसाला अण्वस्त्राच्या कळीकडे ढकलते, हे मला या साऱ्या विषयातील सर्वांत गंभीर सत्य वाटते.

अण्वस्त्रे जितकी अधिक तितकी सुरक्षितता अधिक, ही समजूत तर वर्तमानपत्री तक्त्यांनीच पोसली आहे. स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या अंदाजानुसार २०२५ च्या आरंभी भारताजवळ सुमारे १८०, पाकिस्तानजवळ सुमारे १७० आणि चीनजवळ किमान ६०० अण्वस्त्रे होती. हे आकडे शेजारी शेजारी मांडून कोणी हरल्या-जिंकल्याचा निवाडा करू लागला, तर त्याने धाकाचे मर्मच जाणले नाही असे म्हणावे लागेल. शत्रूने अकस्मात पहिला घाव घातल्यानंतर आपल्याजवळ काय शिल्लक राहील आणि ते त्याच्यापर्यंत पोहोचेल की नाही, एवढाच प्रश्न येथे महत्त्वाचा असतो. म्हणूनच २०१६ मध्ये नौदलात दाखल झालेली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये आपली पहिली धाकगस्त पुरी करून आलेली ‘अरिहंत’ पाणबुडी संख्येच्या मानाने कितीतरी मोलाची ठरते, कारण समुद्राच्या पोटात दडलेली पाणबुडी शत्रूला सहजासहजी हेरता येत नाही. तिच्यावरील के-१५ क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे ७५० किलोमीटर, म्हणजे लक्ष्याच्या बरेच जवळ जाणे तिला भाग. त्याच्या पुढचे के-४ सुमारे ३५०० किलोमीटर जाते, आणि त्यामुळे पाणबुडीला लपण्यास समुद्राचा फार मोठा विस्तार मोकळा होतो.

अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याचे आपले धोरण म्हणजे दुबळेपणाची कबुली, असेही वारंवार ऐकू येते. ४ जानेवारी २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने जाहीर केलेले कलम वाचले की हा आक्षेप टिकत नाही. भारत पहिला वापर करणार नाही. परंतु भारतावर किंवा कोठेही असलेल्या भारतीय सैन्यावर अण्वस्त्रे वापरली गेली, तर प्रत्युत्तर प्रचंड असेल आणि शत्रूला असह्य हानी पोहोचविणारे असेल, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. जैविक किंवा रासायनिक अस्त्रांचा मोठा हल्ला झाल्यास अण्वस्त्राने उत्तर देण्याची मुभाही राखून ठेवली आहे. या धोरणाचा दुसरा लाभ क्वचितच ध्यानात घेतला जातो : ज्याला पहिला घाव घालावयाचा नसतो, त्याला बोट सदैव कळीवर ठेवून बसावे लागत नाही, घाईने हुकूम द्यावा लागत नाही, खातरजमा करण्यास अवकाश मिळतो. आणि पंतप्रधानांच्या मेजावर एखादी लाल कळ असते, ही निव्वळ चित्रपटातील कल्पना आहे. अण्वस्त्रांचा हुकूम देण्याचा अधिकार पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय परिषदेलाच आहे. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या अध्यक्षतेखालील कार्यकारी परिषद तिला मसलत देते आणि हुकमाची अंमलबजावणी स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांड करते.

पाच हजार किलोमीटरहून अधिक पल्ल्याचे अग्नी-५ हाती आल्यावर अण्वस्त्रांच्या कामी विमानाची गरज उरली नाही, असे म्हणणारेही आहेत. त्यांनी एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी : सुटलेले क्षेपणास्त्र माघारी बोलावता येत नाही, विमान येते. तळावरून हललेले, विखरून ठेवलेले किंवा आकाशात चढलेले विमान शत्रूला दिसते आणि एकही गोळी न सुटता इशारा पोहोचतो. या गुणाची किंमतही मोजावी लागते. अमेरिकेने १९६० नंतर अण्वस्त्रे घेतलेली बॉम्बफेकी विमाने अहोरात्र आकाशात ठेवण्याचा क्रम चालविला होता. १९६६ मध्ये स्पेनमधील पालोमारेस आणि १९६८ मध्ये ग्रीनलंडमधील थुले येथे अशी विमाने कोसळून किरणोत्सारी द्रव्य पसरले, तेव्हा कोठे तो क्रम थांबला.

आता विमानांच्या संख्येकडे वळू. हवाई दलाला ४२ स्क्वाड्रन मंजूर आहेत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ ने बासष्ट वर्षांच्या सेवेनंतर निरोप घेतल्यावर त्या २९ वर आल्या. ही उणीव खरी आहे आणि ती सौम्य शब्दांत सांगण्याजोगी नाही. तथापि उद्या कोणी तेरा स्क्वाड्रनांची विमाने आणून उभी केली तरी हवाई दल आधुनिक झाले, असे मानणे हा आणखी एक गैरसमज ठरेल. आजच्या हवाई लढतीत वैमानिकाला शत्रूचे विमान डोळ्यांनी दिसतच नाही. शंभर किलोमीटरपलीकडचे लक्ष्य आकाशस्थ रडार हेरते, त्याचा ठाव दुसऱ्याच विमानाला कळविला जातो आणि क्षेपणास्त्र तिसऱ्याकडून सुटते. हा दुवा जेथे तुटतो तेथे विमान कितीही महागडे असले तरी आंधळे होते. हवेत इंधन पुरविणारी आपली आयएल-७८ विमाने अवघी सहा आहेत. मे २०२५ मधील पाकिस्तानविरुद्धच्या ऑपरेशन सिंदूरच्या पहिल्याच रात्री विमाने गमवावी लागल्याचे आणि त्यानंतर डावपेच बदलून पुन्हा हल्ले केल्याचे संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी उघडपणे सांगितले, याचे मला समाधान वाटते. चूक हेरून दोन दिवसांत सुधारणारे दल हेच सुसज्ज दल होय.

विमान जमिनीवर असतानाच सर्वांत दुबळे असते, हा जुना धडाही आपण विसरता कामा नये. ६ सप्टेंबर १९६५ रोजी पठाणकोटच्या तळावर उघड्यावर उभी असलेली आपली दहाएक विमाने पाकिस्तानी हल्ल्यात जळाली. १ जून २०२५ रोजी युक्रेनने मालमोटारींतून नेलेल्या स्वस्त ड्रोनांनी रशियाची दूरपल्ल्याची बॉम्बफेकी विमाने त्यांच्या तळांवरच उद्ध्वस्त केली, आणि तीही सरहद्दीपासून हजारो किलोमीटर आत. बळकट काँक्रीटचे निवारे, धावपट्टीची झटपट दुरुस्ती, ड्रोनविरोधी तोफा या जिनसांची छायाचित्रे कोणी छापत नाही. पण त्यांच्यावाचून नव्या विमानाचा उपयोग पहिल्या सकाळपुरताच.

विमानांच्या आधुनिकीकरणाच्या संदर्भात महाराष्ट्राशी जोडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाशिकजवळच्या ओझरचा, १९६४ मध्ये स्थापन झालेला विमान कारखाना मिग आणि नंतर सुखोई-३० एमकेआय बांधीत आला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले. विमान येथे बांधले म्हणजे ते सर्वस्वी आपले झाले, असे यावरून समजू नये. २०२१ मध्ये ज्या ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार झाला त्यांच्या पुरवठ्यास उशीर झाला, आणि त्याचे एक मोठे कारण अमेरिकेहून येणारी इंजिने वेळेवर आली नाहीत हे होते. जेट इंजिनाच्या टर्बाइनच्या पात्याला धातूच्या वितळणबिंदूहून अधिक तप्त वायूत मिनिटाला हजारो फेरे घेत टिकावे लागते. त्यासाठी ते एकाच स्फटिकातून घडवितात आणि त्याच्या पोटातून थंड हवेचे केसासारखे बारीक मार्ग काढतात. ही विद्या कोणताही देश दुसऱ्याला खुशीने देत नाही. १९८९ मध्ये मंजूर झालेले आपले कावेरी इंजिन तेजसला पुरेसे बळ देऊ शकले नाही. तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीतील प्लुटोनियम वापरून १९७४ मध्ये आपण अणुस्फोट केला, पण लढाऊ विमानाचे इंजिन आजही बाहेरून आणतो, या वस्तुस्थितीकडे धोरणकर्त्यांनी डोळे उघडून पाहावे.

शेवटी एका अशा समजुतीविषयी, जी तज्ज्ञांतही आढळते : पारंपरिक शस्त्रे आणि अण्वस्त्रे यांच्यातील सीमारेषा संकटकाळी दोन्ही बाजूंना स्वच्छ दिसेल. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात शंभरहून अधिक किलोमीटर आत, मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यात स्फोटक नव्हते, जीवितहानी झाली नाही, भारताने दोन दिवसांनी चूक मान्य केली आणि पुढे तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. परंतु रडारच्या पडद्यावर सरकणाऱ्या ठिपक्याच्या पोटात काय आहे, हे त्या काही मिनिटांत कोणालाही कळले नसते. आणि तणावाच्या दिवसांत हाच प्रसंग गुदरता तर काय झाले असते, याची कल्पना भयावह आहे. असे धोके टाळण्यासाठी दोन्ही देशांत काही करार आहेत. १९८८ मध्ये सही झालेल्या करारानुसार दर वर्षी १ जानेवारीला दोन्ही सरकारे आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, आणि युद्धप्रसंगांच्या वर्षांतही हा शिरस्ता मोडलेला नाही. २००५ च्या करारान्वये बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची पूर्वसूचना द्यावी लागते. परंतु मियाँ चन्नूला पडलेल्या क्षेपणास्त्राच्या जातीची, म्हणजे क्रूझ क्षेपणास्त्रे, त्या करारात अंतर्भूतच नाहीत. सुखोईवरून ब्रह्मोस हे क्रूझ क्षेपणास्त्र सोडण्याची चाचणी २०१७ मध्येच झाली असून अशी अस्त्रे दोन्ही बाजूंस वाढत आहेत. तेव्हा नव्या विमानांच्या खरेदीइतक्याच तातडीने या कराराची व्याप्ती वाढविण्याची बोलणी व्हावयास हवीत, आणि संबंध बिघडलेले असताना तर ती अधिकच निकडीची आहेत.