अल्सर फुटला तर घड्याळाकडे पाहा



आपल्या समाजातील कितीतरी घरांत आता दोघे ज्येष्ठच असतात. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी. अशा घरात रात्री अचानक पोटात सुरी खुपसल्यासारखी कळ आली, तर "सकाळी बघू" म्हणण्याकडे आपला कल असतो. ते महागात पडू शकते.

जठराला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला झालेली जखम म्हणजे पेप्टिक अल्सर. 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हा जिवाणू आणि गुडघेदुखीसारख्या त्रासासाठी सतत घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या ही त्याची मुख्य कारणे. जखम आरपार गेली की आम्ल व अन्न पोटाच्या पोकळीत सांडते. मग बहुधा शस्त्रक्रिया करून छिद्र बुजवावे लागते.

"वाचतील ना?" या प्रश्नाचा अंदाज बांधण्यासाठी हाँगकाँगचे डॉ. बोई व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तीन बाबी तपासल्या: गंभीर जुना आजार, शस्त्रक्रियेपूर्वी फार खाली गेलेला रक्तदाब आणि छिद्र पडून २४ तासांहून अधिक वेळ. प्रत्येकीला एक गुण. शून्य गुणांच्या रुग्णांत कोणीही दगावले नाही. एक गुण असता १० टक्के, दोन असता सुमारे ४५ टक्के दगावले आणि तीन गुणांचा एकही वाचला नाही. पुढे इतरत्र आकडे इतके टोकाचे आले नाहीत, पण चढता क्रम तोच राहिला. हा अनेक रुग्णांवरून काढलेला अंदाज आहे, एकाचे भविष्य नव्हे. गुण जास्त म्हणून आशा सोडू नये.

जुना आजार एका रात्रीत जात नाही. रक्तदाबही पुष्कळदा उशिरामुळेच कोसळतो. आपल्या हातात उरतो तो वेळ. डेन्मार्कमधील २,६६८ रुग्णांच्या अभ्यासात रुग्णालयात आल्यावर शस्त्रक्रियेला होणाऱ्या दर तासाच्या विलंबामागे जगण्याची शक्यता सरासरी २.४ टक्क्यांनी घटलेली दिसली.

काही तासांनी कळ ओसरल्यासारखी वाटते. त्याला फसू नये. वृद्धांत आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत दुखणे मुळातच सौम्य भासू शकते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: खाणे-पिणे थांबवा, घरची वेदनाशामक गोळी देऊ नका आणि लगेच शल्यचिकित्सक असलेले रुग्णालय गाठा. आपल्या ग्वाल्हेरात गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाचे जयारोग्य रुग्णालय आहेच. कळ किती वाजता सुरू झाली आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे डॉक्टरांना सांगा. रुग्ण शुद्धीवर असेल तर संमतीची सही तो स्वतः करू शकतो. मुलांना फोन जरूर करा, पण त्यांची वाट पाहत थांबू नका.