उपाहारगृहांतील पोऱ्या आणि कायदा

चहाचे पेले विसळणारा पोऱ्या हें आपल्याकडील हॉटेलांतील इतकें परिचित दृश्य आहे कीं, त्यांत कांहीं गैर आहे असें मालकाच्या मनांत सहसा येतच नाहीं. बालकामगारांविषयींचा कायदा १९८६ सालीं झाला. पण उपाहारगृहें, ढाबे व चहाचीं दुकानें त्याच्या बंदींत आलीं तीं १० ऑक्टोबर २००६ पासून. पुढें २०१६ च्या दुरुस्तीनें, थोडे अपवाद वगळतां, १४ वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यांत कामास ठेवणें हा दखलपात्र गुन्हा ठरला. शिक्षा ६ महिने ते २ वर्षे कैद, किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही.

‘मुलगा नात्यांतलाच आहे’ ही सबब नेहमींची. कौटुंबिक धंद्यास सवलत आहे खरी. परंतु कुटुंब म्हणजे मुलाचे आईबाप, भावंडें आणि काका, आत्या, मामा, मावशी एवढेंच. गांवकरी किंवा लांबचा सोयरा त्यांत बसत नाहीं. शिवाय ही मदत शाळा सुटल्यावर वा सुटींतच घ्यावयाची, आणि सायंकाळीं ७ ते सकाळीं ८ या वेळांत मुळींच नाहीं. हॉटेलांत गर्दी उसळते ती नेमकी याच वेळीं !

वयाविषयीं वाद निघून दाखला नसल्यास वैद्यकीय तपासणीवर निर्णय होतो. तेव्हां कामावर घेण्यापूर्वींच शाळेचा वा जन्माचा दाखला पाहून त्याची नक्कल ठेवणें मालकाच्या हिताचें. वसूल झालेला दंड त्या मुलाच्या पुनर्वसनाच्या निधींत जातो व सरकार त्यांत १५,००० रुपयांची भर घालतें.