ब्रेक कॅलिपरवरचा रंग : पावडर कोटिंग कसं होतं आणि कुठे चुकतं?

एखादी स्पोर्ट्स कार सिग्नलला उभी दिसली तर तिच्या चाकाच्या आऱ्यांमधून जरा आत बघा. आत एक चकचकीत धातूची तबकडी असते आणि तिला एका बाजूने मुठीत धरल्यासारखा एक लाल, पिवळा नाहीतर हिरवा ठोकळा बसलेला असतो. तबकडी म्हणजे डिस्क आणि तो ठोकळा म्हणजे ब्रेक कॅलिपर. आज आपण या ठोकळ्यावरच्या रंगाबद्दल शिकणार आहोत. विषय वरवर हौसेचा वाटतो. पण त्यात गतिज ऊर्जा आहे, पास्कलचा नियम आहे, स्थिर विद्युत आहे, पॉलिमर आहेत, आणि चांगल्या फिटरचं हातातलं कसब आहे. शिवाय हे काम दारावरच्या ग्रिलला रंग देण्याइतकं बिनधोक नाही. ग्रिलचा रंग बिघडला तर ग्रिल वाईट दिसतं, कॅलिपरचं काम बिघडलं तर गाडी थांबत नाही.

आधी कॅलिपरचं काम समजून घेऊ

तुम्ही पेडल दाबता तेव्हा ब्रेक ऑइलवर दाब येतो. पास्कलच्या नियमाप्रमाणे तो दाब नळीतून कॅलिपरपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. कॅलिपरमधले पिस्टन पुढे सरकतात, पॅड डिस्कवर आवळले जातात आणि घर्षणाने गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलते.

किती उष्णता? गणित करून बघू. गाडीचं वस्तुमान १५०० किलो, वेग ताशी १०० किमी, म्हणजे सेकंदाला सुमारे २७.८ मीटर. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग केलं की उत्तर येतं सुमारे ५.८ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत साध्या तापमानाचं जवळजवळ पावणेदोन लिटर पाणी उकळीला येईल. आता वेग ताशी २०० किमी करा. वेग दुप्पट झाला, ऊर्जा चौपट झाली, म्हणजे सात लिटरहून जास्त पाणी! आणि हे एकदा थांबण्यात. रेस ट्रॅकवर प्रत्येक वळणाआधी हेच होतं, म्हणून तिथे डिस्क लालबुंद झालेली दिसते. कॅलिपर डिस्कइतका तापत नाही, पण तो तिच्या अगदी अंगाला लागून असतो हे लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी पुढे फार उपयोगी पडेल. पेडल सोडल्यावर पिस्टन मागे कोण ओढतं? बऱ्याच मुलांना वाटतं की आत स्प्रिंग असेल. बहुतेक डिस्क ब्रेकमध्ये ती नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी रिंग खाचेत बसवलेली असते. पिस्टन पुढे जाताना ही रिंग थोडी पिळली जाते, दाब गेला की ती मूळ आकारात येते आणि पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाएवढं मागे घेते. बस्स, एवढ्यावरच चाक मोकळं होतं. त्या खाचेचा आकार किती नेमका असावा लागतो, याचा अंदाज तुम्हाला आला असेल.

रंगांची भाषा

रंगामुळे ब्रेक चांगले लागत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. पण काही कंपन्यांनी रंगाला अर्थ दिला आहे. पोर्शेच्या गाड्यांवर लाल कॅलिपर ताकदवान मॉडेलची खूण, पिवळा कॅलिपर म्हणजे सिरॅमिक डिस्क, पांढरा म्हणजे टंगस्टन कार्बाइडचा थर दिलेली डिस्क आणि हायब्रिड गाड्यांवर झणझणीत पोपटी हिरवा. इटलीच्या ब्रेंबो कंपनीचा लाल कॅलिपर तर इतका प्रसिद्ध झाला की लोक साध्या गाडीवर प्लास्टिकची लाल टोपणं चिकटवतात. (माझं मत विचाराल तर हे टाळाच. टोपणामुळे कॅलिपरला लागणारी हवा अडते आणि ते सुटून चाकात अडकलं तर वेगळीच पंचाईत.) ब्रेंबोचा आपल्या पुण्याजवळ चाकणलाही कारखाना आहे. केटीएम ड्यूकच्या चाकाजवळ ‘बायब्रे’ असं नाव दिसतं ना, ते याच कंपनीचं धाकटं भावंड.

हौसेपलीकडे रंगाचं खरं काम आहे संरक्षणाचं. पॅड आणि डिस्क झिजून जी काळी भुकटी उडते तिच्यात लोखंडाचे कण असतात. ते तापलेले असतात, चिकटतात आणि पाणी लागलं की गंजतात. शिवाय ब्रेक ऑइल सांडलं तर साध्या रंगाचे पोपडे निघतात. नीट भाजलेलं पावडर कोटिंग या दोन्ही गोष्टींना साध्या स्प्रेच्या डब्यातल्या रंगापेक्षा बरंच जास्त तोंड देतं.

पावडर चिकटते कशी?

ही पद्धत १९५० च्या दशकात जर्मनीत सुरू झाली. तेव्हा तापलेली वस्तू हवेने खदखदणाऱ्या पावडरीत बुडवत. आज आपण बघतो ती स्प्रे गनची पद्धत नंतर आली.

यात ओला रंग नसतो, थिनर नसतं. रेझिन आणि रंगद्रव्य यांची मैद्यासारखी बारीक भुकटी असते. गनच्या टोकाशी साठ ते शंभर किलोव्होल्टचं विद्युत क्षेत्र असतं, त्यातून जाताना कणांवर भार येतो. वस्तूला अर्थिंग दिलेलं असतं. कोरड्या केसांवरून फिरवलेल्या कंगव्याकडे कागदाचे कपटे धावतात, तसे कण वस्तूकडे ओढले जातात, मागच्या बाजूलासुद्धा वळून बसतात. मग वस्तू भट्टीत जाते. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला पावडर वितळते, पसरते आणि तिच्यातल्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. हे नुसतं वाळणं नाही. मेण कितीदाही वितळवता येतं, पण इडली एकदा उकडली की तिचं पुन्हा पीठ होत नाही, तसं हे. म्हणून असा थर नंतर तापला तरी वितळून ओघळत नाही. थराची जाडी साधारण ६० ते १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग किंवा त्याहून थोडी कमी.

कॅलिपरवर एक अडचण मात्र येते. त्याला खोल कोपरे आणि खाचा फार. विद्युत क्षेत्र बाहेरच्या कडांवरच एकवटतं, कोपऱ्याच्या आत पोहोचत नाही. फॅरडेचा पिंजरा तुम्ही शिकला आहात, तोच हा. नवखा कारागीर कोपरा भरायला व्होल्टेज वाढवतो आणि कडेवर पावडरीचा ढीग होतो. जाणकार उलट व्होल्टेज कमी करतो, हवेचा जोर सांभाळतो आणि आधी कोपरे भरून घेतो.

खरं काम रंगाच्या आधीचं

कॅलिपर गाडीवरून उतरवला की तो पूर्ण मोकळा करावा लागतो. पॅड, पिना, ब्लीड निपल, पिस्टन, धुळीचं रबर, आतली सील रिंग, सगळं बाहेर. ब्रेकचं रबर सहसा ईपीडीएम जातीचं असतं आणि ते १५० अंशांच्या आसपासच हार मानतं. मग १८० च्या भट्टीत त्याचं काय होईल? पिस्टन बाहेर काढायला दाबाची हवा देतात तेव्हा समोर लाकडी ठोकळा ठेवतात, कारण पिस्टन गोळीसारखा सुटतो. बोटं मध्ये नकोत. दोन भाग बोल्टने जोडलेले कॅलिपर असतील तर अनेक उत्पादक ते भाग वेगळे करू नका असं सांगतात. त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघूनच पुढे जायचं.

मग साफसफाई. आपल्याकडे पावडर कोटिंगच्या अनेक ठिकाणी सात टाक्यांची पद्धत असते. ती मुळात पत्र्याच्या वस्तूंसाठी, तेल काढणं, ॲसिडने गंज काढणं, फॉस्फेटचा थर देणं यासाठी. ॲल्युमिनियमचा कॅलिपर या टाक्यांत बुडवायचा नाही. ॲल्युमिनियम ॲसिडलाही आणि अल्कलीलाही दाद देतं, कॉस्टिकमध्ये टाकलं तर हायड्रोजनचे बुडबुडे काढत विरघळू लागतं. शिवाय ऑइलच्या बारीक वाटांमध्ये रसायन अडकून राहतं ते वेगळंच. त्याऐवजी डीग्रीझरने धुणं आणि बारीक ब्लास्टिंग करणं योग्य. तेही पिस्टनची भोकं बंद करूनच.

यानंतर एक पायरी घाईत वगळली जाते. कॅलिपर ओतीव असतो, त्याला सूक्ष्म छिद्रं असतात, आणि पणती तेल पिते तसं त्याने वर्षानुवर्षं ब्रेक ऑइल प्यायलेलं असतं. तो पावडरीआधी एकदा रिकामाच भट्टीत तापवून ती वाफ बाहेर जाऊ द्यावी लागते. नाहीतर ती वाफ रंग भाजताना येते, आणि थरावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि फुगे दिसतात.

कुठे रंग नको

माझ्या मते कारागिराची परीक्षा इथे होते. सिलिकॉनची बुचं आणि उष्णता सोसणारी टेप लावून काही जागा झाकाव्या लागतात. पिस्टनचं भोक आणि सीलची खाच तर आलीच, तिथे रंगाचा कणही चालत नाही. रिंग नीट पिळली गेली नाही की पिस्टन मागे येणार नाही, किंवा ऑइल गळेल. ब्रेकची नळी जिथे तांब्याच्या वॉशरवर बसते ती जागा धातूला धातू भिडूनच घट्ट होते. रंगावर वॉशर बसवला तर आज गळणार नाही कदाचित, पण रंग दबला की गळेल. पॅड सरकतात त्या कडांवर थर चढला तर पॅड अडकतो, सतत घासत राहतो आणि तापतो.

पण सगळ्यात फसवी जागा म्हणजे कॅलिपर ज्या सपाट भागावर गाडीला बोल्टने आवळला जातो ती. बोल्ट धातूला धातूवर ताणून धरतो. मध्ये रंगाचा थर राहिला तर तो उष्णतेत हळूहळू दबतो, ताण कमी होतो आणि टॉर्क रेंचने बरोबर आवळलेला बोल्टही ढिला पडू शकतो. बाहेरून काहीच दिसत नाही.

भट्टी आणि धातू

पावडरीच्या पाकिटावर लिहिलेलं तापमान धातूचं असतं, भट्टीतल्या हवेचं नव्हे. पातळ पत्रा लगेच तापतो, चार पिस्टनचा जाड कॅलिपर सावकाश. भट्टीच्या काट्यावर २०० दिसलं म्हणून वेळ मोजायला सुरुवात केली तर थर अर्धवट भाजला जातो. दिसायला चकचकीतच दिसतो, पण ब्रेक ऑइलचा थेंब पडला की मऊ होतो.

उलट बाजूही आहे. ॲल्युमिनियमच्या बऱ्याच कॅलिपरना कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून ताकद दिलेली असते. त्यातली शेवटची पायरी साधारण १५० ते २०० अंशांच्या पट्ट्यातच असते. म्हणून पाकिटावरच्या तापमानाला पंधरा-वीस मिनिटं भाजल्याने सहसा बिघडत नाही, पण तासन्‌तास ठेवणं, किंवा रंग आवडला नाही म्हणून काढून पुन्हापुन्हा भाजणं चांगलं नाही. जुना थर जाळून काढायच्या भट्टीत, म्हणजे ४०० अंशांच्या आसपास, ॲल्युमिनियमचा कॅलिपर गेला तर तो पुन्हा वापरायचाच नाही. धातू मऊ पडलेला असतो आणि रंग दिला की नव्यासारखा दिसतो!

काहींना वाटतं, रंगाच्या थराने उष्णता कोंडते. पॉलिमर उष्णतेचा वाईट वाहक आहे हे खरं, पण दहाव्या भागाएवढ्या मिलिमीटरने फरक नगण्य पडतो. उलट उघडं चकचकीत ॲल्युमिनियम उष्णतेचं प्रारण फार कमी करतं आणि रंगवलेला पृष्ठभाग कितीतरी जास्त. ट्रॅकवर मात्र कॅलिपरच २०० अंशांपुढे जाऊ लागला तर साधी पॉलिएस्टर पावडर पिवळी-तपकिरी पडते. त्यासाठी सिलिकॉन रेझिनच्या पावडरी मिळतात, पण त्यांत भडक रंग फारसे मिळत नाहीत.

दुकानात काय विचाराल?

“कॅलिपर खोलून करता की तसाच?” हा पहिला प्रश्न. “तसाच, टेप मारून” असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. नवीन सील किट घालणार का, आणि कोणत्या जागा झाकणार, हे त्याच्याच तोंडून ऐका.

जोडताना रबराला ब्रेकसाठीचं खास ग्रीस किंवा ताजं ब्रेक ऑइल लावायचं. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं तर ईपीडीएम रबर फुगतं. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊ देऊ नका. ब्लीड निपल वरच्या बाजूलाच हवं, नाहीतर आतली हवा निघतच नाही. नवं ऑइल भरून, हवा पूर्ण काढून, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळून झाले की गाडी लगेच बाहेर काढायची नाही. जागेवर उभी असतानाच पेडल दाबत राहा. पहिल्या काही वेळा ते खाली जातं, कारण पिस्टन पॅडपर्यंत पोहोचायचे असतात. ते वर येऊन दगडासारखं टणक लागलं पाहिजे. मग ते मिनिटभर दाबून धरा आणि कोणाला तरी चारही चाकांशी टॉर्च घेऊन खाली बघायला सांगा. पेडल हळूहळू खाली जात असेल किंवा कुठे ओल दिसली, तर गाडी हलवू नका, कॅलिपर पुन्हा उतरवा.