शेण कोणाचे, गॅस कोणाचा?

गोबरगॅस ही भारताला नवी गोष्ट नव्हे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतरच्या दशकात त्याचा प्रसार आरंभिला. १९८१-८२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय प्रकल्प हाती घेतला आणि २०१८ साली ‘गोबरधन’ योजना आली. एवढ्या वर्षांनंतरही ग्रामीण भागातील असंख्य घरांत लाकूडफाटा व गोवऱ्याच जळतात. ह्याचे कारण शोधणे अगत्याचे आहे.

शास्त्राविषयी वाद नाही. शेणपाणी कालवून हवाबंद टाकीत सोडले की जीवाणूंच्या क्रियेने वायू निर्माण होतो व त्यात निम्म्याहून अधिक मिथेन असतो. गोवरी जाळली की खताची राख होते. येथे मात्र इंधन मिळूनही स्लरीतील नत्र शेताला परत जातो.

प्रश्न आहे तो वाटपाचा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे लागतात. भूमिहीन मजुराच्या दारी ती कोठून असणार? अनुदान मिळते ते संयंत्र बांधणाऱ्याला. साहजिकच ते ज्याचा गोठा भरलेला त्याच्याच घरी जाते. उलट, वाटेवरचे शेण वेचून गोवऱ्या थापणाऱ्या बाईचा त्या शेणावर हक्क होता, तो केवळ त्याला किंमत नव्हती म्हणून. किंमत आली की मालकही येतो.

ह्यावर सामुदायिक संयंत्र हा उपाय सुचविला जातो. ‘जे सर्वांचे ते कोणाचेच नव्हे’, हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. कर्नाटकातील पुरा गावचा अनुभव ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथे प्रथम स्वयंपाकासाठी गॅस देण्याचा प्रयत्न केला. शेण अपुरे पडल्याने तो फसला. पुढे १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून नळाचे पाणी व दिव्यांना वीज देण्यात आली. शेण आणून देणाऱ्याला मोबदला मिळे, स्लरीही परत मिळे. पाणी गरीब-श्रीमंत सर्वांनाच हवे असल्याने गावाने ती व्यवस्था अनेक वर्षे चालविली.

किती संयंत्रे बांधली, ह्या आकड्यावर योजनेचे यश मोजणे म्हणूनच अपुरे होय. शेण वेचणाऱ्या बाईची चूल त्यानंतर कशावर पेटते, हा हिशेब अहवालात आल्याखेरीज तो पुरा होणार नाही.