नव्या औषधाची परीक्षा

कोल्हापूरकडे उसातले तण मारण्यासाठी टू-फोर-डी हे तणनाशक फवारतात. रुंद पानांचे तण त्याने मरते. ऊस मात्र वाचतो. शत्रू नेमका ओळखणारी अशी औषधे आता कर्करोगावरही निघाली आहेत.

जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीत कधी कधी 'जिस्ट' नावाची गाठ वाढते. अशा बहुतेक गाठींत पेशीवरील 'किट' हे प्रथिन बिघडलेले असते. जपानी शास्त्रज्ञांनी १९९८ साली हे शोधून काढले. दारावरच्या घंटीचे बटण आत अडकले, तर घंटी वाजतच राहते ना? तसेच हे प्रथिन पेशीला 'वाढ, वाढ' असा निरोप देत राहते. इमॅटिनिबची गोळी घेतली, की औषधाचे रेणू त्या प्रथिनाच्या खाचेत बसून निरोप थांबवितात. मार्च २००० मध्ये फिनलंडमधील एका स्त्रीला या गाठींवर ते प्रथम दिले गेले आणि काही आठवड्यांतच गाठी लहान झाल्या. परंतु कालांतराने अनेकांच्या गाठी त्याला दाद देईनाशा होतात. मग नवे औषध शोधावे लागते.

ते गुणकारी आहे हे ठरवायचे कसे? शेतात आपण एका पट्ट्यावर फवारणी करू, शेजारचा तसाच ठेवू आणि तुलना करू. पण माणूस म्हणजे काही शेताचा पट्टा नव्हे! आजाऱ्याला औषधाविना कसे ठेवावे?

रिप्रेटिनिब या गोळीच्या चाचणीत हा पेच असा सोडविला. आधीची औषधे निकामी ठरलेले १२९ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने ८५ जणांना खरी गोळी आणि ४४ जणांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. कोणती कोणाला, हे रुग्णांना आणि डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. मात्र रोग वाढल्याचे दिसताच निष्क्रिय गोळीवाल्यांना खरी गोळी घेण्याची मुभा होती.

निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी निम्म्यांचा रोग सुमारे १ महिन्यातच बळावला. खऱ्या गोळीने ही मुदत ६.३ महिन्यांपर्यंत लांबली. २०२० साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. रोग समूळ गेला नाही. पण मिळालेले हे महिने औषधाचेच, हे त्या ४४ जणांमुळे सिद्ध झाले.

'आमच्या औषधाने शंभरांना गुण आला' अशी जाहिरात वाचाल, तेव्हा एवढेच विचारा : ज्यांनी ते घेतले नाही, त्यांचे काय झाले?