भिंती नसलेला तुरुंग : अल्पखर्चिक विज्ञानपटांतील पलायन आणि स्वतंत्रपूरचा प्रयोग

प्रस्तावना

आदर्श राज्याची कल्पना मानवी विचाराइतकीच जुनी आहे. या कल्पनेची उलटी बाजू, म्हणजे सुव्यवस्थेच्या नावाखाली माणसाचे माणूसपण हिरावून घेणारे राज्य, विसाव्या शतकातील साहित्याने व चित्रपटाने विशेषत्वाने रंगविली. तिला 'डिस्टोपिया' ही संज्ञा रूढ झाली आहे. अशा भावी राज्यातील तुरुंग आणि तेथून होणारे पलायन हा विज्ञानपटांचा एक स्वतंत्र उपप्रकार मानता येईल. यातील बहुसंख्य चित्रपट अत्यंत कमी खर्चात निर्माण झाले. समीक्षकांनी त्यांची दखल क्वचितच घेतली आणि मराठीत तर त्यांच्याविषयी फारसे लिहिलेच गेले नाही. 'करमणुकीचा स्वस्त माल' एवढीच त्यांची संभावना झाली.

प्रस्तुत लेखात यांपैकी चार चित्रपटांचा पुनर्विचार केला आहे. पैशाच्या अभावी या चित्रपटांना भक्कम तुरुंग उभारता आले नाहीत. त्यामुळे माणसाला भिंतीवाचून कसे कोंडता येईल, या प्रश्नाचे उत्तर त्यांना शोधावे लागले आणि त्या शोधात आधुनिक नियंत्रणव्यवस्थेचे मर्म त्यांच्या हाती लागले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. भिंती नसलेल्या तुरुंगाचा अगदी वेगळा प्रयोग आपल्या महाराष्ट्रात १९३९ साली प्रत्यक्षात झाला होता. त्या प्रयोगाशेजारी हे चित्रपट ठेवून पाहिले असता आजच्या काळाविषयी काही महत्त्वाचे हाती लागते.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम याने १७९१ साली 'पॅनॉप्टिकॉन' या सर्वदर्शी कारागृहाचा आराखडा प्रसिद्ध केला. वर्तुळाकार इमारतीत कोठड्या आणि मध्यभागी पहाऱ्याचा मनोरा अशी ही रचना होती. मनोऱ्यातील पहारेकऱ्याला सर्व कैदी दिसावेत, मात्र कैद्याला पहारेकरी दिसू नये, हे तिचे सूत्र. आपल्यावर या क्षणी नजर आहे की नाही हे कैद्याला कळत नसल्यामुळे तो सदैव नजरेखाली असल्याप्रमाणेच वागू लागतो. मिशेल फुको याने १९७५ साली 'शिस्त आणि शिक्षा' या विषयावरील आपल्या ग्रंथात याच आराखड्याच्या आधारे आधुनिक समाजाची मीमांसा केली. शाळा, कारखाना, रुग्णालय व लष्करी छावणी या संस्थांतही हेच सूत्र कार्यरत असल्याचे त्याने दाखविले.

पुढे १९९० साली जील दलझ याने एका छोट्या निबंधात असे मांडले की, बंदिस्त संस्थांचा काळ मागे पडत असून खुल्या जागेत सातत्याने चालणाऱ्या नियंत्रणाचा काळ सुरू झाला आहे. माणसाला आत डांबण्याची आता गरज उरलेली नाही. तो कोठे आहे हे सतत कळत राहिले म्हणजे पुरे. हा विचार तत्त्वज्ञानाच्या भाषेत येण्यापूर्वी जवळजवळ वीस वर्षे तो स्वस्त विज्ञानपटांच्या पडद्यावर येऊन गेला होता, ही बाब लक्षणीय आहे.

चार चित्रपट, चार तुरुंग

पीटर वॉटकिन्स यांचा 'पनिशमेंट पार्क' (१९७१) हा वृत्तपटाच्या शैलीतील कथापट होय. युद्धविरोधी तरुणांवर तंबूतील न्यायासनापुढे खटले चालतात. दोषी ठरलेल्यांपुढे दोन पर्याय ठेवले जातात : दीर्घ कारावास भोगणे किंवा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातून तीन दिवसांत सुमारे ५३ मैल चालून राष्ट्रध्वजापर्यंत पोहोचणे. मागे सशस्त्र पोलीस असतात. हा चित्रपट १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर, प्रामुख्याने हौशी कलावंतांना घेऊन चित्रित झाला. येथे तुरुंग म्हणजे उघडे माळरान. नियम पाळून जे ध्वजापर्यंत पोहोचतात, त्यांच्यासाठी तेथे पोलीसच उभे असतात. सुटकेचे आश्वासन हाच येथील तुरुंगाचा तट आहे.

त्याच वर्षीचा जॉर्ज लुकास यांचा 'टीएचएक्स ११३८' हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. सॅन फ्रान्सिस्को परिसरात त्या वेळी बांधकाम चालू असलेल्या रेल्वेच्या भुयारांचा भावी नगर म्हणून त्यात उपयोग केला आहे. यातील तुरुंग म्हणजे केवळ पांढरा अवकाश. तेथे भिंत नाही, दार नाही, सावलीही नाही. कैदी बसून राहतात, कारण जावे कोठे हेच कोणाला कळत नाही. नायक एके दिवशी सरळ चालू लागतो आणि बाहेर पडतो! यंत्रपोलीस त्याचा पाठलाग करतात. पण त्यासाठी मंजूर झालेल्या रकमेपेक्षा खर्च वाढू लागताच पाठलाग थांबविण्याचा आदेश येतो. व्यवस्थेला त्याच्याविषयी द्वेष नाही आणि करुणाही नाही. तिच्या दृष्टीने तो जमाखर्चातील एक नोंद आहे.

लुइस टीग दिग्दर्शित 'वेडलॉक' (१९९१) हा दूरचित्रवाणीसाठी काढलेला चित्रपट. यातील कारागृहाला तटबंदी नाही. प्रत्येक कैद्याच्या गळ्यात स्फोटक पट्टा असून तो दुसऱ्या एका कैद्याच्या पट्ट्याशी जोडलेला असतो. दोघांतील अंतर शंभर यार्डांपेक्षा अधिक झाले की दोन्ही पट्ट्यांचा स्फोट होतो. आपला जोडीदार कोण हे मात्र कोणालाच ठाऊक नसते. परिणामी प्रत्येक कैदी दुसऱ्या प्रत्येकावर नजर ठेवतो. पहारेकऱ्यांचे काम कैदीच करू लागतात, आणि तेही वेतनावाचून.

व्हिन्सेन्झो नताली यांचा कॅनेडियन चित्रपट 'क्यूब' (१९९७) हा काटकसरीचा कळस म्हणता येईल. हजारो घनाकृती खोल्यांचा चक्रव्यूह दाखविण्यासाठी निर्मात्यांनी मुख्यतः एकच खोली उभारली आणि प्रकाशाचे रंग बदलून तिचाच पुनःपुन्हा वापर केला. पात्रांची नावेही सॅन क्वेंटिन, हॉलोवे, कझान अशा खऱ्या तुरुंगांवरून घेतलेली आहेत. हा चक्रव्यूह कोणी व कशासाठी बांधला याचे उत्तर चित्रपट देत नाही. त्याच्या बाह्य कवचाचा आराखडा करणारा कैद्यांतच सापडतो, पण त्यालाही हेतू माहीत नसतो. प्रत्येकाने नेमून दिलेले छोटे काम केले आणि तुरुंग तयार झाला, हे या चित्रपटातील सर्वांत भयावह विधान आहे.

या चारही कृतींत एक समान सूत्र दिसते. पहिल्यात आशा, दुसऱ्यात दिशाहीनता, तिसऱ्यात परस्परांविषयीचा संशय आणि चौथ्यात हेतूविषयीचे अज्ञान माणसाला जखडून ठेवते. दगडी भिंतीची जागा मनातील भिंतीने घेतली आहे. भरपूर पैसा हाती असता तर कदाचित भव्य तटबंदी उभी राहिली असती आणि हा विचार झाकला गेला असता.

स्वतंत्रपूर : विश्वासाची तटबंदी

आता आपल्याकडील प्रयोगाकडे वळू. औंध संस्थानात १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकिर्दीत आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची मुक्त वसाहत स्थापन झाली. पोलंडमधून आलेले अभियंते व गांधीविचाराचे अनुयायी मॉरिस फ्रीडमन आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांची प्रेरणा त्यामागे होती. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांनी बेड्यांवाचून शेती करावी, कुटुंबासह राहावे, असा हा प्रयोग होता. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यात मोडते.

याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकर यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निर्माण केला. त्यास १९५८ साली बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल हा सन्मान लाभला. आदिनाथ हा जेलर सहा खुनी कैद्यांना उजाड माळावर घेऊन जातो व त्यांच्याकडून शेती करवून घेतो. येथेही भिंत नाही, आणि पलायनाचा मोह मात्र आहे. त्या मोहापासून कैद्यांना परावृत्त करतात ते आदिनाथाचे दोन डोळे.

येथे एक आक्षेप संभवतो. आदिनाथाचे डोळे म्हणजे बेंथमच्या मनोऱ्याचीच सौम्य आवृत्ती नव्हे काय? कैद्याच्या अंतःकरणात पहारेकरी बसविणे हीच तर फुकोने वर्णिलेली शिस्त! हा आक्षेप सहजासहजी झटकून टाकता येणार नाही. शांतारामांनी डोळ्यांची प्रतिमा ज्या आग्रहाने वापरली आहे, तीत नियंत्रणाचा अंश निश्चितच आहे. तथापि दोन्हींत मूलभूत भेद आढळतात. मनोऱ्यातील पहारेकरी अदृश्य असतो. आदिनाथ मात्र समोर उभा असतो, कैद्यांनाही तो दिसतो. 'वेडलॉक'मधील अधिकाऱ्याच्या गळ्यात पट्टा नसतो. आदिनाथ मात्र कैद्यांसोबत राबतो, त्यांच्याइतकाच धोका पत्करतो आणि अखेरीस प्राण गमावतो. शिवाय पट्ट्याचा हेतू कैद्याला कायम कैदी ठेवणे हा आहे, तर वसाहतीचा हेतू त्याला पुन्हा शेतकरी आणि कुटुंबवत्सल माणूस बनविणे हा आहे. म्हणजेच नजर परस्परांची आहे का, जोखीम दोघांची आहे का आणि शेवटी सुटका आहे का, या तीन कसोट्यांवर भिंती नसलेले हे दोन तुरुंग वेगळे ठरतात.

आजचा संदर्भ

हा भेद आज केवळ चित्रपटचर्चेपुरता राहिलेला नाही. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०२३ साली तयार केलेल्या आदर्श कारागृह अधिनियमात, मागोवा घेणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण अंगावर बाळगण्यास तयार असलेल्या बंद्यांना रजा देण्याची तरतूद आहे. त्याच वर्षी जम्मू-काश्मीर पोलिसांनी जामिनावरील आरोपीच्या पायात जीपीएस कडे घालण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या बाजूने, ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, आरोपीने गुगल नकाशावरील आपले स्थान तपास अधिकाऱ्यास सतत कळवत राहावे ही जामिनाची अट खासगीपणाच्या हक्काचा भंग करणारी म्हणून रद्द ठरविली. 'वेडलॉक'चा पट्टा आणि पायातील कडे एकच आहेत असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कड्यामुळे एखाद्या बंद्यास घरी जाता येत असेल, तर त्याचे मोल नाकारता येणार नाही. परंतु कडे विश्वासाकडे नेणारी पायरी आहे की विश्वासाची गरजच संपविणारे साधन आहे, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

याला पर्याय नाही असेही नाही. महाराष्ट्रात खुल्या कारागृहांची परंपरा आहे, त्यांच्यासाठी १९७१ चे स्वतंत्र नियम आहेत आणि जालन्याहून फार दूर नसलेल्या पैठण येथे असे कारागृह आहे. तेथील बंदी शेतात काम करतात. आपल्या परिसरातील या संस्थेकडे समाजशास्त्र, विधी, मराठी व इंग्रजी या विषयांच्या अभ्यासकांनी एकत्रितपणे पाहिल्यास आंतरविद्याशाखीय अध्ययनाचे उत्तम क्षेत्र उपलब्ध होऊ शकेल.

समारोप

अल्पखर्चिक पलायनपटांनी दाखविलेला भविष्यकाळ तंत्रज्ञानाच्या तपशिलात पुष्कळदा चुकला. मात्र भिंत गेली म्हणजे तुरुंग गेला असे नव्हे, हा त्यांचा इशारा चुकला नाही. भिंत गेल्यावर तिच्या जागी संशय येतो की विश्वास, हे माणसांनी ठरवावयाचे असते, हे स्वतंत्रपूरने दाखवून दिले.

हा प्रश्न कारागृहाच्या दारापाशी थांबत नाही. बोटाच्या ठशाने नोंदविली जाणारी हजेरी, परीक्षागृहातील कॅमेरे, भ्रमणध्वनीवरून घेतली जाणारी उपस्थिती ही साधने आता शिक्षणक्षेत्रातही रुळली आहेत. त्यांची उपयुक्तता मान्य करूनही, विद्यार्थ्यावर आपली नजर आहे तशी विद्यार्थ्याची नजर आपल्यावर आहे काय, आणि या देखरेखीच्या शेवटी तो देखरेखीवाचून वागण्यास समर्थ होणार आहे काय, हे प्रश्न आपण अध्यापकांनी स्वतःला विचारले पाहिजेत. 'क्यूब'मधील आराखडाकाराने ते वेळीच विचारले नव्हते.