गारपिटीनें झोडपलेल्या शोभेच्या झाडांची निगा

थंड देशांत वसंत ऋतूंत अवेळीं पडणाऱ्या हिमानें झाडांची कोवळी पालवी करपते. आमच्या कडा-आष्टीकडे तेंच काम फाल्गुन-चैत्रांतील गारा करितात. इ. स. २०१४ मध्यें फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यांत जी गारपीट झाली, तींत पिकांच्या हानीपुढें दारच्या गुलमोहर-कांचनांची दैना मागें पडली, हें साहजिकच होय. परंतु अशा वेळीं ‘झाड गेलें’ म्हणून कुऱ्हाड चालविण्याची जी घाई होते, ती आम्हांस अयोग्य वाटते.

पानें गेलीं म्हणजे झाड मेलें असें नव्हे. लाकडांत व मुळांत अन्नाचा सांठा असतो आणि सालीखालीं निद्रिस्त डोळे असतात. पहिली पालवी गेल्यावर ते फुटतात. संशयित फांदीची साल नखानें किंचित् खरवडावी. आंत हिरवी ओल दिसल्यास फांदी जिवंत समजावी. मेलेल्या भागाची हद्द नक्की ठरण्यास दीड-दोन महिने लागतात. तोंपर्यंत मोडून लोंबणाऱ्या फांद्याच तेवढ्या काढाव्या. जड फांदी प्रथम खालच्या अंगानें थोडी कापून मग वरून करवतावी. नाहीं तर पडतांना ती खोडाची साल सोलीत नेते. फांदीच्या बुडाशीं असलेली फुगीर कडी मात्र राखावी, कारण जखम तिच्यापासूनच भरून येते.

गारेची खरी दुखापत सालीस होते. वाऱ्याच्या बाजूस फांद्या ठेचाळतात व तेथून बुरशी शिरते. सुटलेली साल धारदार चाकूनें जिवंत कडेपर्यंत साफ करून बोर्डो मलम लावावें. त्यास मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १० लिटर लागतें. मोरचूद लोखंडी भांड्यांत भिजवूं नये. पुढें वैशाखाचें ऊन उघड्या पडलेल्या सालीस भाजतें, त्यावर चुन्याची सफेदी हा स्वस्त उपाय आहे. (बहावा या दिवसांत आपणच निष्पर्ण होतो, त्याच्या पानांची काळजी करूं नये.)

आळें खोडाशीं न करितां फांद्यांच्या घेराखालीं करावें व त्यांत पाचट पसरावें. पानें थोडीं असतां झाड पाणी कमी ओढतें, म्हणून रोज पाणी तुंबवूं नये. युरियाचा मोह टाळावा. त्यानें फुटलेले लुसलुशीत कोंब उन्हांत माना टाकतात. कुजलेलें शेणखत मृगाच्या पावसानंतर द्यावें.

कडुनिंब बहुधा स्वतःच सांवरतो. गुलमोहराचें लाकूड ठिसूळ. खोडास उभी चीर गेलेला गुलमोहर वाटेवर झुकला असेल, तर तो मात्र राखूं नये.